कोरांटीची जोडी

आमच्या दारात, उंबऱ्यापासून चार पावलांवर एक झुडूप आहे. आईनं ते लावलं त्याला सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत त्याला एकही फूल आलं नव्हतं. निदान घरात आम्ही सगळे तसंच समजत होतो.

आई-वडील दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आमच्या वस्तीतली बहुतेक घरं जातात. एका हंगामात ज्या शेतकऱ्याचा ऊस तोडायचा होता, त्याच्या विहिरीजवळ आईनं हे झुडूप पाहिलं. कडक थंडी होती, आणि ते निळ्या-जांभळ्या फुलांनी नुसतं भरलेलं होतं. तिनं त्या घरच्या बाईकडे एक फांदी मागितली. बाई म्हणाली, आता नको, झाड फुलात आहे, जाताना ने. मग चैत्रात कारखाना बंद झाला, तेव्हा आईनं दोन फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि ट्रकमध्ये सबंध वाटभर मांडीवर धरून आणल्या. एक जगली. आईनं फक्त स्वतःला आवडली म्हणून आणलेली दुसरी कुठली वस्तू मला आठवत नाही.

झुडूप वाढलं, कमरेएवढं झालं. पावसाळ्यात हिरवंगार व्हायचं. दिवाळीच्या सुमारास त्याच्या टोकांना काटेरी, वाळक्या पानांसारखे झुबके यायचे. आई म्हणायची, ते बी असेल. चैत्रात परत आलं की तेच झुबके अजून वाळलेले दिसायचे. फूल नाही. आई दोन-तीन वर्षं वाट बघत राहिली आणि मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "ते पान्याचं रान हुतं. आपल्या मातीत न्हाई फुलायचं." तिनं ते रडतबिडत म्हटलं नाही. पाऊस येणार नाही म्हणावं तसं म्हटलं. मला मात्र ते वाक्य लागलं. का लागलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मी नगरला कॉलेजात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्या दिवाळीला मी घरी आले, तेव्हा आई-वडिलांची बांधाबांध चालली होती. आई झुडपाकडे बघून म्हणाली, "ह्या चैताला आलो की हे काढायचं. तिथं शेळ्यांची दावन करू."

"ऱ्हाऊ दे की," वडील म्हणाले. "पाला तरी हिरवा हाय."

"त्या पाल्याला शेळीबी तोंड लावत न्हाई. जागा आडलीय नुसती."

वडील गाठोडं बांधायला लागले. आईनं एकदा ठरवलं की ते गप्पच बसतात. दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि सगळी वस्ती त्यात बसून गेली. मी नगरला वसतिगृहावर आले.

मी वर्गात फारशी बोलत नाही. बोलताना 'आहे'च्या जागी 'हाय' येईल अशी भीती वाटते, म्हणून वाक्य आधी मनात म्हणून बघते. तेवढ्यात विषय पुढं गेलेला असतो. मार्गशीर्षात आमच्या मॅडमनी एक काम दिलं. कॉलेजच्या बागेत थंडीत फुलणारी झुडपं आहेत. प्रत्येकाला त्यातलं एक मिळणार होतं आणि त्याच्या भोवती जोडीला काय लावावं, ते कारणांसह सांगायचं होतं.

मॅडम बागेत उभ्या राहून म्हणाल्या, "दोनच प्रश्न विचारा. झुडूप तीन-चार महिने फुलतं, मग उरलेल्या दिवसांत तिथं बघण्यासारखं काय असेल? आणि ते फुलत असताना त्याच्या तोंडचा घास काढून घेणार नाही, असं कोण आहे?"

मला प्रयोगशाळेच्या मागचं झुडूप मिळालं. जवळ गेले आणि थबकले. तीच लांबट, खरखरीत पानं. टोकांना तेच काटेरी झुबके. फक्त इथं त्या झुबक्यांतून जांभळी फुलं बाहेर आली होती. पाटीवर लिहिलं होतं: कोरांटी.

मनात वाक्य म्हणून न बघताच मी बोलले. "मॅडम, हे आमच्या दारात हाय. पण त्याला फुलं येत न्हाईत."

दोघीतिघी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "येत नाहीत, की तू पाहिली नाहीस? पौषात कधी नीट बघितलंस?"

पौषात मी कधी घरी नव्हतेच. लहान होते तेव्हा आई-वडिलांबरोबर उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत असायचे. पाचवीपासून नेवाशाला शाळेच्या वसतिगृहात. आणि आई-वडील तर लग्न झाल्यापासून एकही हिवाळा आपल्या घरात राहिले नव्हते. आमच्या घरानं हिवाळा पाहिला होता, आम्ही पाहिला नव्हता.

पौष लागला तशी मी रविवारी पहाटेची एसटी धरली. घोडेगावला उतरून शेअर जीपनं गावात आणि तिथून वस्तीवर चालत गेले. वस्ती अशी मी कधी बघितली नव्हती. एकेका दाराला कुलूप, बाजा भिंतींना उभ्या लावलेल्या, चुलींवर पत्रे झाकलेले. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. एका घरातून धूर निघत होता. तिथं शेजारचे आबा राहतात. त्यांचे गुडघे गेल्यापासून ते तोडीला जात नाहीत, चारपाच घरांच्या शेळ्या सांभाळतात.

आमच्या घराच्या कोपऱ्यावरून वळले आणि उभीच राहिले. झुडूप पानं दिसेनात इतकं फुललं होतं. खाली मातीवरही फुलांचा थर पडला होता. आणि आबा हातात परडी घेऊन आरामात फुलं तोडत होते.

"आबा, ह्याला फुलं कधीपासून येतात?"

"दर सालच्याला. माहादेवाला हितलीच तर नेतो रोज."

"मग आईला का नाही सांगितलं?"

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तिनं कधी इचारलं? झाड तिचं. म्या म्हनलं, तिला ठावं आसंल."

"ती तर काढून टाकणार आहे. फुलत नाही म्हणून."

आबांनी परडी खाली ठेवली. "काढनार? मंग देवाला काय बाभळीचा पाला घालू व्हय?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी खाली बसून गळलेली फुलं हातात घेऊन पाहिली. कोरांटीचं फूल फांदीवर सुकत नाही. एखादा दिवस राहतं आणि अख्खंच्या अख्खं गळून पडतं. दोन-चार दिवसांत मातीत त्याचा मागमूस राहत नाही. चैत्रात आलेल्या माणसाला काय दिसणार?

मी फोटो काढून आईला पाठवला. दिवस मावळताना तिचा फोन आला. मागून मोळ्या टाकल्याचा आवाज येत होता.

"कुनाच्या दारातलं हाय हे?"

"आपल्या."

"तुला झाड काढू द्यायचं न्हाई, म्हनून दुसऱ्याचं दावतीस."

"मागं दार बघ आई. कुलूप बघ."

तिनं फोटो पुन्हा बघितला असावा. मग म्हणाली, "कुलूप तर आपलंच हाय." आणि थोड्या वेळानं, "म्हंजी ते आमच्या माघारी फुलतंय."

"थंडीत फुलायची त्याची रीतच आहे. आपली माती चांगली आहे, आई."

मला वाटलं, खूश झाली असेल. पण आई आईच. "मंग मला काय उपेग? मी पौषात कधी घरी यायची? आबाच्या देवासाठी जागा आडवून ठिवू? काढायचं ते काढायचंच."

मला स्वतःचंच नवल वाटतं, पण मी तेव्हा ठामपणे बोलले. "एक साल थांब. मी त्याला जोडी लावते. तू घरी असशील तेव्हा ती फुलंल, तू नसशील तेव्हा हे फुलंल."

"आन् जोडी न्हाई फुलली तर?"

"तर मी स्वतः खणून काढीन."

"बघ हं. टिकाव तुझ्याच हातात देनार."

पहिली चूक मी लगेच केली. नगरच्या एका रोपवाटिकेत पिटुनियाची रोपं फार सुंदर दिसत होती, पांढरी आणि गुलाबी. पुढच्या रविवारी मी सहा रोपं पिशवीत घालून वस्तीवर नेली, कोरांटीच्या पुढं ओळीनं लावली आणि आबांना सांगितलं, रोज तांब्याभर पाणी घाला. तिसऱ्या दिवशी आबांचा फोन आला.

"पोरी, तुजी झाडं लई चांगली हुती."

"होती म्हणजे?"

"शेळ्यांना आवडली."

मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून राहिले. मग लाज बाजूला ठेवून विचार केला. मी दुकानात बघून झाडं निवडली होती, जागा बघून नाही. आमच्या दारात दिवाळी ते चैत्र पाणी घालायला कोणी नसतं. शेळ्या मोकळ्या असतात. पुस्तकात सोबतीच्या झाडांच्या याद्या असतात, पण ज्या घराला अर्धं वर्ष कुलूप असतं त्या घरासाठी यादी नसते. ती मलाच करावी लागणार होती.

मॅडमचे दोन प्रश्न होतेच. त्यात मी माझे दोन घातले: शेळी खाईल का, आणि पाणी मागेल का. मग गावातली झाडं आठवायला लागले. आबांच्या मोरीपाशी गुलबक्षी उगवते. पावसाळ्यात माजते, आश्विनापर्यंत फुलते, आणि थंडी सुरू झाली की वरचा सगळा भाग वाळून जातो. जमिनीखाली फक्त गड्डा झोपून राहतो. म्हणजे कोरांटी फुलायच्या वेळी ती आपण होऊन बाजूला होते. आईसारखंच तिचं वेळापत्रक. पावसाळ्यात घरी, हिवाळ्यात नाही. सदाफुली तर भिंतीच्या भेगेतही फुलते, उन्हाळ्यातही, आणि कडू असल्यामुळे शेळी हुंगून पुढं जाते. कोरांटीच्या वेळेला जोड म्हणून कोरफड. तिला पाणी लागत नाही, आणि जुनी असेल तर थंडीतच तिला पिवळट केशरी फुलांचा दांडा येतो. जांभळ्याशेजारी तो रंग कसा दिसेल, हे मी वहीत रंगीत पेन्सिलीनं काढून पाहिलं.

कॉलेजात मी हीच जोडी सांगितली. वर्गात इतरांनी छान छान नावं सांगितली होती. माझी वेळ आली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "गुलबक्षी? ती तर उकिरड्यावर येते."

तरी मी बोलले. "उकिरड्यावर येते, कारण तिला कुणी सांभाळावं लागत नाही. माझ्या झाडाला अशीच जोडी पाहिजे. आमच्याकडे हिवाळ्यात सांभाळायला कुणी नसतं."

मॅडमनी विचारलं, "कुणी नसतं म्हणजे?" आणि मी पहिल्यांदा वर्गात सांगितलं की माझे आई-वडील ऊस तोडतात. त्याआधी कुणी विचारलं तर मी 'शेती' म्हणायचे. मॅडमनी मान हलवली आणि फळ्यावर त्यांच्या दोन प्रश्नांखाली माझे दोन प्रश्न लिहिले. प्रयोगशाळेच्या मागं आता माझीच जोडी आहे, आणि तिथली पाटी माझ्या अक्षरातली आहे. मी अजून कधी कधी वाट वाकडी करून तिथून जाते.

चैत्रात आई-वडील आले. आईनं पिशव्या खाली ठेवायच्या आधी झुडपाकडे बघितलं. अर्थात फूल नव्हतं. मी छाटणीला कात्री घेतली तर ती पुढं आली. "फुलतंय म्हनतीस आन् कापतीस?"

"आता कापलं तर पौषात नव्या फांद्यांना जास्त फुलं येतील."

"न्हाई आली तर तुजं खनून काढायचं निम्मं काम झालं म्हनायचं," आई म्हणाली, पण कापलेल्या फांद्या तिनंच गोळा केल्या.

आबांच्या परसातली एक थोराड कोरफड मी मातीच्या गोळ्यासकट आणून कडेला लावली. तो खड्डा खणायला मला टिकाव लागला. आईनं तो हातात देताना म्हटलं, "ह्यो ठिवून दे जवळच. लागंल." सदाफुली कडेनं टोचली. मोरीपाशी गुलबक्षीचे गड्डे उकरले आणि पहिल्या पावसानंतर कोरांटीच्या पुढं लावले. मिऱ्यांसारख्या काळ्या बिया आईच्या हातात दिल्या, तिनं त्या न बोलता पेरल्या.

सदाफुली ज्येष्ठातच फुलली. आई म्हणाली, "ही तर कुटंबी फुलती." मी वाट बघत राहिले. श्रावणात एका संध्याकाळी वसतिगृहात वडिलांचा फोन आला. त्यांना फोन करायची सवय नाही, म्हणून मी घाबरले.

"काय झालं?"

"काय न्हाई. तुजी आई पायरीवर बसलीय. चार वाजल्यापसनं."

"का?"

"ती गुलबक्षी उमलायची हाय म्हनं. काल पाचाला उमलली. आज किती वाजता उमलती, बघती."

मागून आईचा आवाज आला. "सांगू नका तिला." आणि मग, "पाचलाच उमललीय. हिला घड्याळ कळतं."

गणपतीला घरी गेले तेव्हा शेळ्यांची दावण घराच्या मागच्या बाजूला झाली होती. आईनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, मीही काढला नाही. टिकाव माळ्यावर गेला होता. मला सुटल्यासारखं वाटलं. पण तिनं कोरांटीचं फूल अजून पाहिलं नव्हतं. आपल्या मातीबद्दल ती जे म्हणाली होती, ते तिनं अजून मागं घेतलं नव्हतं. दिवाळीनंतर निघताना ती आबांना एवढंच म्हणाली, "रोज निम्मीच तोडा. निम्मी झाडाला ठिवा."

"कुनी बघायला नसताना झाडाला कशाला?" आबा म्हणाले.

"ठिवा म्हनलं ना."

त्या पौषात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आधीची पावसाळ्यात झाली होती, तेव्हा सगळे गावातच होते. या वेळी तोडीवरच्या लोकांना मतदानाला आणायला टेम्पो गेले. दुपारी मत देऊन लगेच परत जायचं होतं. मीही आदल्या दिवशी नगरहून आले. अंगण झाडलं, पण झुडपाखालची फुलं तशीच ठेवली.

सकाळी ऊन अंगणात आलं आणि बायकांचा टेम्पो आला; वडील पुरुषांच्या टेम्पोत मागून येणार होते. आई उतरली. रात्रभर बसून अवघडली होती, पायांत तोडीचे फाटके बूट. कोपऱ्यावरून वळली आणि थांबली. मी दारात उभी होते. मी काही बोलणार नाही, असं मी ठरवलं होतं.

आईनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. झुडपाभोवती एक फेरी मारली. गुलबक्षी वाळून मातीत गेली होती, तिथं तिनं पाय पडू दिला नाही. कोरफडीला एकच दांडा आला होता, पण जांभळ्या फुलांच्या शेजारी तो दिव्यासारखा दिसत होता. तिनं एका फुलाला बोट लावलं. ते तिच्या तळहातात पडलं.

"हात लावला की गळतंय."

"हो."

"तरीच," ती म्हणाली. "तरीच चैतात काय दिसत न्हाई." तळहातातल्या फुलाकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "माती चांगली हाय आपली." आणि वळून टेम्पोकडे गेली. मला वाटलं, काही राहिलं असेल. तिनं टेम्पोच्या फळीवर हात आपटला.

"उतरा गं सगळ्या. पाच मिंटं. बघून जावा."

सातआठ बायका कुरकुरत उतरल्या. "मतदान हितंच हाय का काय तुज्या दारात?" एक म्हणाली. मग वळणावर आल्या आणि कुरकुर थांबली.

"हे त्या हिरीवरचं ना गं? तू ट्रकात मांडीवर धरलेलं?"

"त्येच. मी लावलेलं. तिथं पानी हुतं, हितं कुनी तांब्याबी घातला न्हाई, तरी फुललंय. आन् खालची जोडी माज्या लेकीची. ही कोरफड आता फुलती. ती गुलबक्षी आता निजलीय, पावसात उठती. शेळी खात न्हाई, पानी लागत न्हाई." ती मॅडमच्या आणि माझ्या चारही प्रश्नांची उत्तरं देत होती, न अडखळता. मला वर्गात एवढं नीट जमलं नव्हतं.

"मला एक फांदी दे," दुसरी म्हणाली आणि हात पुढं केला.

आईनं तो हात धरला. "आता न्हाई. फुलात हाय. चैतात ये."

तेवढ्यात आबा परडी घेऊन आले. आई त्यांना म्हणाली, "आबा, आता इचारून तोडायची."

"सहा सालं न इचारता तोडली, तवा कुनी आडवलं न्हाई," आबा म्हणाले.

"तवा मी हितं नव्हते."

दुपारी मत देऊन झाल्यावर टेम्पो सुरू झाला. चढायच्या आधी आईनं एक फूल अंबाड्यात खोचलं. मी म्हटलं, "आई, ते टिकत नाही. फाट्यापर्यंतसुद्धा जाणार नाही."

"बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मागून मोळ्यांचा आवाज होता. जेवलीस का, अभ्यास करतीस का, हे सगळं विचारून झालं. मग तिनं मुद्दाम आवाज वाढवला, शेजारच्या कोपीत ऐकू जावं इतका.

"आन् तुज्या पुस्तकाला सांग. कोपीपतूर टिकलं."

मी वाद घातला नाही.